दारामागचा दाभण

६ मार्च

माझा दाभण कुठं आहे?

रविवारी तू गेलीस. मंगळवारी मी फाटकं पोतं शिवायला काढलं, तर दाभण नाही, सुतळीचा गुंडा नाही, काही नाही. दारामागच्या खिळ्याला गुंडा आणि गुंड्यात खोचलेला दाभण, ही त्याची जागा. या घरात राहायला आले तेव्हापासून तीच. आता तो खिळा भिंतीवर नुसता उघडा बसलाय, माझ्याकडे बघत. मामाला विचारलं, तो म्हणाला, मला कशाला हवाय. मामीला विचारलं, ती म्हणाली, मला साध्या सुईत दोरा ओवता येत नाही, दाभण घेऊन काय करू? ते खरंच आहे. मग उरलं कोण? लहानपणी तुझ्या उशीखाली माझी बटणं, माझा चष्मा, मामाच्या सायकलची घंटी, सगळं सापडायचं. उगाच नाही तुला खारू म्हणत.

हं. चि. खारूस आशीर्वाद.

फोन करू नकोस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तुला नीट ऐकायचं नसतं. कागदावर लिहिलेलं मागाहून नाकबूल तरी करता येत नाही.

पायरीवर चप्पल घालता घालता म्हणालीस, "आजी, मी गोदामाची प्रमुख झाले." नोकरी लागून महिना झाल्यावर, आणि तेही निघताना! मी तुझ्या बॅगेचा पट्टा शिवत होते, तोंडात सुतळी होती, म्हणून वाचलीस. नाहीतर तिथंच बोलले असते. सव्वीस वर्षं मी धान्याच्या गोदामाच्या दारात बसून पोती शिवली. शाळेत दुसरीपर्यंत गेले तेवढीच. पुढची अक्षरं पोत्यांवरच्या शिक्क्यांवरून शिकले, म्हणून माझं अक्षर असं शिक्क्यासारखं मोठं येतं आणि पाकिटाला जास्त तिकीट लागतं. आणि माझ्या नातीनं गोदामात जावं आणि मला एका शब्दानं विचारू नये?

असो. आता सांग. गोदाम कसलं आहे? छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं? जमीन ओल धरते का? दारं किती? माणसं किती आणि त्यातलं जुनं कोण? कॉम्प्युटरचं सांगू नकोस, तो सगळीकडे सारखाच असतो.

दाभण पोस्टानं पाठवलास तरी चालेल. टोकाला बूच लाव, पोस्टमनला टोचेल.

तुझी आजी


१४ मार्च

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. मी दाभण नेलेला नाही. मी आता एकोणतीस वर्षांची आहे, माझ्या उशीखाली फक्त उशीचा अभ्रा आहे. तो पट्टा मात्र फार मजबूत शिवलायस. बॅग फाटेल, पण पट्टा तुटायचा नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आमच्या रस्त्यावर ओळीनं चार गोदामं आहेत आणि चारही वेगवेगळ्या जातीची. पहिलं थंड. आत फळं आणि औषधं असतात, माणसं स्वेटर घालून काम करतात आणि जेवायला बाहेर आली की घामाघूम होतात. दुसऱ्याला जकातीचं सील असतं. परदेशातून आलेला माल कर भरेपर्यंत तिथं अडकून पडतो. मालकालासुद्धा स्वतःच्या मालाला हात लावायचा तर सरकारी माणूस शेजारी उभा लागतो. तिसरं घरपोच वस्तू पाठवणाऱ्या कंपनीचं. तिथं माल सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो, कपाटात बसायला त्याला वेळच नसतो. आणि चौथं आमचं. आमचं भाड्याचं. ज्याला स्वतःचं गोदाम परवडत नाही असा कुणीही येतो, लागेल तेवढी जागा लागेल तितके दिवस घेतो. आमच्याकडे गाद्यावाला आहे, वह्यांचा व्यापारी आहे, नळाच्या तोट्यांचा कारखानदार आहे, खडू बनवणारे एक आजोबा आहेत. प्रत्येकाला वाटतं, गोदामात त्याचाच माल आहे.

छप्पर पत्र्याचं, जमीन कोरडी. दारं दोन. पूर्वी ट्रक मागच्या दारानं यायचे. दोन वर्षांपूर्वी पुढून रुंद रस्ता झाला, तेव्हा पुढं मोठं शटर बसवलं. आत उंच लोखंडी मांडण्यांच्या अकरा गल्ल्या आहेत. माणसं सात. सगळ्यांत जुने रेडेवाले काका. माल उचलणारं जे यंत्र असतं ना, पुढं दोन शिंगं असलेलं, त्याला इथं सगळे रेडा म्हणतात. ते चालवतात म्हणून ते रेडेवाले काका. एकोणीस वर्षं झाली. कुणाशी फारसं बोलत नाहीत, रेड्याशी बोलतात.

मी आल्याबरोबर पहिलं काम काय केलं सांगू? इथं गल्ल्यांना नंबरच नव्हते! मी पाट्या करून घेतल्या. निळ्यावर पांढरे आकडे, गल्ली, मांडणी, कप्पा. पुढच्या शटरपासून एक, दोन, तीन. आता कुठलीही वस्तू कॉम्प्युटरमध्ये बघायची आणि सरळ तिथं जायचं. मोठे साहेब म्हणाले, छान दिसतंय. सगळं ठीक चाललंय. माणसंही ठीक आहेत. काळजी करू नकोस, सगळं अगदी ठीक आहे.

तुझी खारू


२१ मार्च

चि. खारूस,

एका पत्रात तीनदा 'ठीक'. माणूस एकदा ठीक म्हणतो तेव्हा ठीक असतो. दोनदा म्हणतो तेव्हा कंटाळलेला असतो. तीनदा म्हणतो तेव्हा काहीतरी झाकत असतो. काय ते सांगशील तेव्हा सांग. मी इथंच आहे, कुठं पळत नाही.

तुझी चार गोदामं कळली. पहिलं म्हणजे आजाऱ्याची खोली, दुसरं म्हणजे पोलीस चौकी, तिसरं म्हणजे बस स्टँड आणि तुझं म्हणजे लॉज. लॉज चालवणं सगळ्यांत अवघड. प्रत्येक गिऱ्हाइकाला खिडकीजवळची खोली हवी असते आणि निघायची वेळ कुणी सांगत नाही. आमचं गोदाम एकाच मालकाचं होतं, एकच जिन्नस. तरी घोळ व्हायचेच.

मला येतं ते सांगते, नको असेल तर सोडून दे. माल भिंतीला टेकवू नकोस. मधून हात फिरला पाहिजे, नाहीतर भिंत घाम पुसायला तुझा माल वापरते. खाली फळ्या हव्यातच. आत येताना दारात मोज आणि जागेवर ठेवल्यावर परत मोज. मधल्या वाटेत पोत्याला पाय फुटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आधी आलेलं आधी बाहेर गेलं पाहिजे. हे म्हणायला सोपं. हमाल पुढचं उचलतो, कारण पुढचं हाताशी असतं. मागचं तिथंच म्हातारं होतं.

त्यावर आम्ही काय करायचो? दर महिन्याचा दोरा वेगळा. एका महिन्यात आलेलं प्रत्येक पोतं लाल दोऱ्यानं शिवायचं, पुढच्या महिन्यात हिरव्या, मग पिवळ्या. वाचता न येणाऱ्यालासुद्धा लांबून कळायचं, लाल अजून आत आहे, हिरव्याला हात लावू नकोस. ही युक्ती कुणा साहेबाची नव्हती. आम्हा शिवणाऱ्या बायकांची होती. साहेबांनी पुढं ती आपली म्हणून वरच्या साहेबांना सांगितली, ते वेगळं.

पाट्या छान आहेत. रेडेवाल्या काकांना विचारून लावल्यास का?

इकडे तुझ्या मामानं घर सुधारायला घेतलंय. तू आली होतीस त्याच्या आदल्या दिवशी सुतार आला होता ना, त्यानं माझ्या खोलीचं दार उलटं करून ठेवलंय. पूर्वी आत उघडायचं, आता बाहेर उघडतं. म्हणे आत कपाटाला जागा होते. कपाट अजून आलेलं नाही. मी मात्र अजून रोज दार आत ओढते आणि दार येत नाही, मीच त्याच्याकडे जाते. मामी हसते.

दाभण तुझ्याकडे नाही म्हणतेस. बरं. बॅगेच्या खालच्या कप्प्यात बघ, अस्तराच्या आत. मी तुला ओळखते.

आजी


४ एप्रिल

ती. आजीस,

बॅग उलटी करून झटकली. दाभण नाही.

तू बरोबर होतीस, मी झाकत होते. मला कायम केलेलं नाही. तीन महिने बघणार आहेत. पंधरा एप्रिलला वरच्या ऑफिसातून माणसं येऊन सगळा माल मोजणार, आकडे जुळले तर मी राहणार, नाहीतर नाही. हे मामाला सांगू नकोस. त्यानं सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय की भाची प्रमुख झाली.

आणि आकडे जुळत नाहीत. खडूवाल्या आजोबांची छत्तीस खोकी सापडत नाहीत. फेब्रुवारीत आली, मी स्वतः दारात मोजून घेतली. कॉम्प्युटरमध्ये 'गल्ली तीन' असं आहे. तिसऱ्या गल्लीत तेवढे कप्पे रिकामे आहेत. शाळा उघडायच्या आत त्यांना खडू दुकानांत पोचवायचे आहेत, त्यांचा वर्षभराचा धंदा या एका महिन्यात होतो. ते रोज येतात. भांडत नाहीत, तेच वाईट आहे. शटरजवळच्या स्टुलावर बसतात आणि मी दिसले की म्हणतात, "सावकाश शोध गं पोरी."

खोकी ठेवली होती रेडेवाल्या काकांनी. ते वीस मार्चपासून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत, लेकीकडे. मी फोन केला. ते म्हणाले, तिसऱ्या गल्लीत ठेवली. मी म्हटलं, तिथं नाहीत. ते म्हणाले, तिसऱ्याच गल्लीत, अगदी आत, खालून दुसरा कप्पा. मी म्हटलं, काका, नीट आठवा. तर म्हणाले, "मला आठवावं लागत नाही." आणि फोन ठेवला.

मोठे साहेब म्हणतात, बघितलंस? खोटं बोलताना माणूस चिडतोच. ते रजेवर गेल्यावरच माल नाही हे कळलं, ते होते तोवर प्रत्येक गोष्ट हवी तेव्हा मिळत होती, याचा अर्थ काय तो तूच लाव. साहेबांनी एक कागद तयार केलाय. त्यात लिहिलंय की माल काकांच्या ताब्यात असताना गेला. त्यावर मी सही केली तर मोजणीत ती खोकी माझ्या नावावर लागत नाहीत. दहा तारखेपर्यंत द्यायचाय, म्हणून हे पत्र जलद टपालानं टाकतेय.

आजी, मला खरंच कळत नाही. ते माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. पाट्या लावल्या तेव्हा सगळे बघायला आले, ते आले नाहीत. आणि मला ही नोकरी हवी आहे. सकाळी शटर वर जातं, उजेड आत येतो आणि ओळीनं सगळं नीट लावलेलं दिसतं, तेव्हा मला फार बरं वाटतं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

खारू


६ एप्रिल, जलद टपाल

सही करू नकोस.

हे मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून रागावू नकोस, माझं अक्षर मोठंच आहे.

आमच्याबरोबर एक ठिगळबाई होती. तिचं खरं नाव मी विसरले, ठिगळ तिच्यासारखं कुणी लावत नसे म्हणून ठिगळबाई. एकदा चौदा पोती कमी भरली. साहेब हमालांना विचारत होते. मी म्हणाले, ठिगळबाई रोज सगळ्यांत शेवटी निघते. खोटं नव्हतं, निघायचीच. पण मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिला दारात घेतलं नाही. तीन आठवड्यांनी पोती सापडली. वरून पाणी गळत होतं म्हणून हमालांनी शेजारच्या थप्पीत सरकवली होती आणि कुणी कागदावर चढवलं नव्हतं. तोवर ती राहती खोली सोडून गेली होती. तिला शोधायला कुणी गेलं नाही. मीही नाही. झालं ते झालं, रडण्यासाठी सांगत नाही. तुला कळावं म्हणून सांगते, की गोदामातून माल बाहेर पडायला ट्रक लागतो आणि माणूस बाहेर पडायला एक वाक्य पुरतं.

आता काम.

तुम्ही सगळे जिथं कमी आहे तिथं उभे राहून बघताय. तिथं काय दिसणार? रिकामं. छत्तीस खोकी म्हणजे काही टाचणी नाही. ती कुठंतरी आहेतच, आणि जिथं आहेत तिथं छत्तीस जास्त झाली असणार. जास्त कुणी मोजत नाही, कारण जास्तीबद्दल कुणी ओरडायला येत नाही. कमी शोधणं थांबव, जास्त शोध.

आणि तुझा तो काका. 'मला आठवावं लागत नाही' म्हणाला. हे चोराचं बोलणं नाही गं, हे हाताचं बोलणं आहे. मलाही दोरा ओढताना आठवावं लागत नसे. तो असताना सगळं मिळायचं, कारण जो ठेवत होता तोच काढत होता. त्याच्या डोक्यात जो नकाशा आहे तो त्याच्यापुरता बरोबर आहे. साहेबानं उलटा अर्थ लावला.

तुझं पत्र परत वाचलं, दारांचं जिथं लिहिलंयस ते. एकोणीस वर्षांतली सतरा वर्षं ट्रक मागच्या दारानं आले. म्हणजे तो मोजायला कुठून शिकला? तुझी पाटी तू तुझ्या दारापासून लावलीस. त्याची तिसरी गल्ली त्याच्या दारापासूनची असेल. मी गोदाम बघितलेलं नाही, चुकत असेन तर सांग. पण उद्या सकाळी शटरनं आत जाऊ नकोस. मागच्या दारानं जा, पाट्यांकडे न बघता एक, दोन, तीन मोज आणि थांब.

आजी

(मामाला पाकीट टाकायला सांगितलं, तो म्हणाला, एवढं काय तातडीचं? मी म्हटलं, दाभणाबद्दल आहे.)


१७ एप्रिल

ती. आजीस,

सापडली!

तुझं पत्र नऊ तारखेला दुपारी आलं. कागद माझ्या टेबलावर होता. सही केली नव्हती, पण तुझ्याशी खोटं बोलत नाही, पेनाचं टोपण काढून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत कोण थांबतंय? तशीच उठले, बाहेरून वळसा घालून मागच्या दाराशी गेले. त्याची कडी गंजली होती, ती ठोकून काढली. आत गेले. आजी, माझंच गोदाम मला ओळखू येईना. सगळं उलटं. एक, दोन, तीन, थांबले. वर माझीच निळी पाटी, नऊ. तिथं वह्यांच्या व्यापाऱ्याची खोकी. तपकिरी, तशीच चौकोनी, खडूच्या खोक्यांएवढीच. कॉम्प्युटरमध्ये एकशे वीस. मी मोजायला लागले. दोघांना हाताशी घेतलं, पुढची रांग उतरवली. एकशे छप्पन्न. मागच्या रांगेत, अगदी आत, खालून दुसऱ्या कप्प्यात छत्तीस खोकी खडू. काका म्हणाले होते तिथंच, एक बोट इकडेतिकडे नाही.

खडूवाले आजोबा स्टुलावर होते. त्यांनी एक खोकं उघडलं, एक खडू काढला, मोडून बघितला. कोरडा, टक्क आवाज झाला. मग आमच्या शटरवर त्यांनी मोठी रेघ ओढली आणि म्हणाले, "चालतोय." दोन दिवसांत सगळी खोकी दुकानांत पोचली. रेघ आम्ही पुसली नाही.

मग बाकीचंही उलगडलं. काका पहिल्यापासून मागच्या दारापासूनच मोजतात. पुढचं शटर आलं तेव्हा ट्रकचं तोंड वळलं, त्यांचं मोजणं वळलं नाही. पाट्या मी लावल्या, पण त्या आकड्यांकडे बघायची त्यांना गरजच वाटली नाही. मी कागदावर 'तीन' लिहून द्यायचे, ते त्यांच्या तीनमध्ये ठेवायचे आणि मागितलं की त्यांच्या तीनमधून आणून द्यायचे. त्या दिवसांत त्यांनी ठेवलेलं बाकी सगळं त्यांनीच बाहेर काढलं होतं. फक्त खडू उरले आणि काका रजेवर गेले. गंमत बघ, सहाव्या गल्लीत कधीच काही चुकलं नाही. अकरातली सहावी दोन्हीकडून सहावीच!

पंधराला मोजणी झाली. सगळं जुळलं. मला कायम केलं. आता मामाला काहीही सांग.

आणि तुझ्या दोऱ्यांची युक्ती मी चोरली. गल्ल्यांच्या दोन्ही टोकांना रंगाचे पट्टे मारून घेतले, जमिनीपासून वरपर्यंत. तिसरी लाल, चौथी हिरवी, पाचवी पिवळी. कुठल्याही दारानं आत या, लाल ती लालच. कुठून मोजायचं हा प्रश्नच उरला नाही. मोठ्या साहेबांनी वरच्या साहेबांना सांगितलं की ही कल्पना त्यांची. हसू नकोस.

काका सोमवारी कामावर आले, आणि मागचं दार आता उघडलंय म्हणून रोज सकाळी आठला त्याच दारानं येतात. गुडघा बरा आहे. पट्टे बघितले, काही बोलले नाहीत, रेड्यावर चढले. तेही सगळं ठीक आहे.

आता तुझं. रविवारी माझ्या बॅगेचा पट्टा शिवलास तेव्हा तू खोलीत नव्हतीस, बाहेर पायरीवर बसली होतीस. शिवून झाल्यावर उठलीस आणि नेहमीसारखा गुंडा दारामागे टांगलास. मी चप्पल घालत होते, बघत होते. पण दार आदल्याच दिवशी उलटं झालं होतं. मग आजी, त्या दिवशी दारामागे म्हणजे कुठं? दार दिवसभर उघडं, बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं. बंद होतं तेव्हा तू आत. बाहेर उभी राहून ते बंद केलेलं तू एकदा तरी बघितलंयस का?

जा, बघून ये. मी थांबते.

तुझी (चोर नसलेली) खारू


२४ एप्रिल

चि. खारूस,

आहे.

बाहेरच्या भिंतीला कुंडी टांगायचा जुना खिळा आहे, त्याला गुंडा आणि गुंड्यात दाभण. दार लोटलं तर समोरच. मामी शेजारी उभी होती आणि मामी हसली. तिला हसायला या वर्षी बरंच मिळालंय. माझा हात बरोबर होता हे लक्षात ठेव. हातानं दारामागेच टांगलं होतं. दार चुकलं. सुताराला मी बोलणार आहे.

तुला मी काय काय लिहिलं ते मी परत वाचलं नाही, तूही वाचू नकोस.

कायम झालीस, चांगलं झालं. मामाला सांगितलं. तो म्हणाला, ती तर केव्हाच प्रमुख होती. मी म्हटलं, हो. सकाळी शटर वर जातं तेव्हा बरं वाटतं असं लिहिलं होतंस, त्यावर हसायचं काय आहे? मी सव्वीस वर्षं दारात बसले ती काय पोत्यांसाठी? तिथं उजेड चांगला यायचा.

माझा दोरा तुझ्या साहेबानं आपला म्हणून सांगितला तर सांगू दे. तो आता दोन साहेबांच्या नावावर लागलाय आणि काम करायचा थांबलेला नाही.

दाभण सोबत पाठवतेय, टोकाला बूच लावून. माझे डोळे आता पोत्याला पुरत नाहीत, आणि मामीच्या हातात दिला तर कुणाला तरी टोचेल. चोरीचा आळ तुझ्यावर घेतलाच होता, तो आता खरा करून टाक. पट्टा सुटला, खोकं फाटलं, गोणी उसवली, गोदामात दाभण लागतोच. त्याला एक जागा दे, पण दारामागे नको.

आता शेवटचं. काकांचं सगळं ठीक आहे म्हणून लिहिलंस. ठीक हा शब्द तुझ्या हाताला चिकटलाय का? माणूस खरं बोलत होता, तू त्याला 'नीट आठवा' म्हणालीस, तुझ्या टेबलावर त्याच्या नावाचा कागद होता आणि तू टोपण काढलं होतंस. तो परत आला, काही बोलला नाही आणि रेड्यावर चढला. याला ठीक म्हणत नाहीत, याला रजेवरून परतणं म्हणतात. त्याच्यासमोर उभी राहून सांगितलंस का? पट्टे रंगवले म्हणजे सांगितलं असं होत नाही. ठिगळबाई निघून गेली, मला सांगायला माणूसच उरला नव्हता. तुझा माणूस रोज सकाळी आठला मागच्या दारानं येतो.

आज नाही, उद्या सांग. मग या पत्राचं उत्तर मला हवंय, पण तुझ्या अक्षरात नको. सोबत कोरा कागद आणि माझा पत्ता घातलेलं पाकीट आहे, ते त्याच्या हातात दे आणि तिथून निघून जा. माफी मागितली की नाही, हे मला तूच कळवलंस तर ते मी धरणार नाही. उत्तर रेडेवाल्या काकांनीच लिहायचं.

आजी